मालेकर मालेत उतरतो

‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य मुळशी तालुक्यात स्थळ जमवताना फार उपयोगी पडतं. ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे शंका काढता येत नाही. मुलगा हिंजवडीत आहे म्हटलं की मुलीचा मामा लगेच कंपनी कुठली, पॅकेज किती, प्रोजेक्टवर आहे की बेंचवर, इथपर्यंत खोदत जातो. बोटीबद्दल त्याला एकच प्रश्न सुचतो, “म्हणजे मासे धरायला?” नाही म्हटलं की तो गप्प होतो. मग मध्यस्थ आवाज उतरवून सांगतो, “डॉलरमध्ये पगार. आख्खं जग बघून झालंय पोराचं.”

यातलं डॉलरचं खरं आहे. जगाचं जरा समजावून सांगावं लागेल.

माझं गाव माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. पौडवरून ताम्हिणी घाटाकडे निघालात की धरणाच्या अलीकडे लागतं. मी एका परदेशी कंपनीच्या क्रूझवर वेटर आहे. बरीच नामवंत बंदरं मी पाहिली आहेत, पण ती डायनिंग हॉलच्या काचेतून, हातात सूपचे बाऊल धरून, कोणा ना कोणा पाहुण्याच्या खांद्यावरून. पाहुणा म्हणतो, “वा, काय सुंदर शहर आहे!” मी म्हणतो, “होय सर, मिरपूड?”

आमच्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ सालचा. त्यानुसार बोटीवरच्या कामगाराला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. हे ऐकून आमच्या भातखाचरात आषाढभर वाकलेल्या माणसाला हेवा वाटेल. पण पुढे एक बारीक कलम आहे. ते १० तास दोन तुकड्यांत देता येतात, फक्त त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. त्या सहांत झोप जाते. राहिलेल्या चार तासांत दाढी, आंघोळ, कपडे धुणं, इस्त्री, घरचा फोन आणि जग.

शिवाय प्रत्येक बंदरात उतरता येतंच असं नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर सांभाळायला ठरावीक माणसं बोटीवर हजर लागतात. त्यांची पाळी लावलेली असते आणि आपली पाळी नेमकी चांगल्या बंदराला येते. कंटेनरच्या यार्डात बोट लागणार असेल त्या दिवशी मात्र खुशाल भटकायची मोकळीक.

त्यातून उतरलो, तरी उतरलो कुठे हा प्रश्न राहतोच. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं. जिना उतरून खाली गेलं की गावाचं नाव निघतं चिविताव्हेक्किया, आणि रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणून उतरवतात ते लिव्होर्नो. पाहुणे चिडतात. मला कधी राग आला नाही, कारण मुळशीच्या माणसाला हे तंत्र लहानपणापासून पाठ आहे. आमच्याकडे पौडच्या पलीकडे बांधलेल्या इमारतीवर ‘पुणे’ असाच बोर्ड असतो आणि ‘चांदणी चौकापासून १५ मिनिटं’ ही जी पंधरा मिनिटं असतात, ती पहाटे तीन वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना मोजलेली असतात. चिविताव्हेक्कियाला रोम म्हणणारा माणूस मुळशीत आला तर वर्षभरात दोन टॉवर विकून दाखवील.

याबाबतीत पोर्टोफिनोचा अनुभव वेगळा. इटलीतलं हे छोटं बंदर. मोठी बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि माणसांना होड्यांतून सोडते. पाण्याला चिकटून रंगीत घरांची ओळ, मागे डोंगर. बरोबरचे फिलिपिनो मित्र फोटो काढत सुटले. मी शांत होतो. म्हटलं, “हे आमच्या तालुक्यात आहे.” त्यांना वाटलं ऊन लागलं. पण खोटं काय आहे? लवासातलं दासवे वरसगाव धरणाच्या काठावर या पोर्टोफिनोच्या धर्तीवरच उभं केलं. ज्या तालुक्याला समुद्र नाही, त्याच्याकडे स्वतःचं इटालियन बंदर आहे. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली, हा पुढचा भाग मी मित्रांना सांगितला नाही. परदेशात तालुक्याची अब्रू सांभाळावी लागते.

बंदरात उतरलेल्या खलाशाचं एक चित्र सिनेमाने लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं आहे. गुत्ता, गोंदलेला दंड, कोणाशी तरी मारामारी. ते खरं असतं तर हा लेख जास्त रंगला असता. प्रत्यक्षात जेटीजवळचं जे पहिलं दुकान फुकट वायफाय देतं, त्याच्या भिंतीला टेकून पंधरा देशांची माणसं प्रवचनाला बसावीत तशी माना खाली घालून बसलेली दिसतात. कोणी मनीलात लेकराचा अभ्यास घेतंय, कोणी बालीत आईला औषधाची चिठ्ठी वाचायला लावतंय, कोणी मडगावच्या बँकेशी भांडतंय. पाठीमागे साडेतीनशे वर्षांचं चर्च किंवा किल्ला उभा असतो. त्याच्याकडे पाहायला वेळ कोणाला! बोटीवर इंटरनेट मिळतं, पण ते तोलून मापून विकत घ्यावं लागतं, आणि महिन्याच्या शेवटी आपण बायकोशी किती डॉलरचं भांडलो ते कळतं. वायफाय झालं की शॅम्पू, रेझर, मॅगी आणि मिळालं तर लोणचं. क्रू मेसमध्ये भात रोज असतो. पण आंबेमोहोर शिजताना ज्याने शेजारच्या घरातून वास घेतला आहे, त्याला त्या भाताला भात म्हणवत नाही.

एका हंगामात आमची बोट मुंबईहून मालदीवला जाऊ लागली. राजधानीचं नाव माले. डोंगरातल्या मालेचा पोरगा समुद्रातल्या मालेला निघाला, यात दैवी काही नाही, कंपनीचं वेळापत्रक आहे. पण घोळ व्हायचा तो झालाच.

पाहुणे बहुतेक आपलेच. एका रात्री कोथरूडच्या एका काकूंनी पोळी घेता घेता विचारलं, “तू कुठला रे बाळा?” मी सवयीने म्हटलं, “मालेचा.” काकूंचा हात तिथेच थांबला. शेजारच्या टेबलाकडे वळून त्या म्हणाल्या, “बघा, मालदीवचा मुलगा, पण मराठी किती स्वच्छ बोलतो! नाहीतर आमची नातवंडं.” माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश छापलेला होता, पण काकूंचा चष्मा केबिनमध्ये राहिला होता. मी म्हटलं, “तसं नव्हे काकू, मुळशीतलं माले.” यावर इतका वेळ पापडाशी झगडत असलेले काका एकदम ताठ झाले. “मुळशी? तो ‘मुळशी पॅटर्न’वाला?” प्रवीण तरडे यांचा तो सिनेमा २०१८ साली आला आणि तेव्हापासून मुळशीच्या माणसाकडे लोक आधी त्याच्या कमरेला काही खोचलेलं आहे का ते पाहतात. त्या रात्रीपासून भात उशिरा आला तरी त्या टेबलावरून तक्रार नाही. शेवटच्या दिवशी टीपही घसघशीत मिळाली. ती मराठीची की भीतीची, हे मी विचारलं नाही.

मालेतही मोठी बोट बाहेरच नांगर टाकते. आधी पाहुणे उतरतात, मग पाहुणे, त्यानंतर काहीतरी विसरलेले पाहुणे परत येऊन पुन्हा उतरतात आणि सगळ्यांत शेवटी आमची होडी. इथे आणखी एक मेख आहे. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. आमच्या बोटीवर भारतीय वेळ चालू होती. म्हणजे शहरातलं घड्याळ तीन दाखवत असेल तेव्हा बोटीवर साडेतीन झालेले असतात आणि शेवटची होडी सुटलेली असते. चार तासांतला अर्धा तास असा समुद्रातच जातो. बोट पाहुण्यांसाठी एखादवेळ थांबेल. वेटरसाठी थांबल्याचं मी ऐकलेलं नाही.

जेटीवर पाय ठेवल्यावर आईच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला आजीने.

“आजी, मालेत उतरलो.”

“आलास व्हय रं माज्या राजा! स्टॉपवरच थांब. सामान लई आसंल, पोराला गाडी घिऊन धाडते.”

“आजी, हे आपलं माले नव्हे. दुसरं माले.”

“दुसरं कंचं?”

“समुद्रातलं. पाण्यातलं.”

“पान्यातली गावं कवाच बुडाली बाबा. तितं कुटं उतरतुयास? काठाकाठानं ये.”

फोन बंद. दहा मिनिटांत चुलत भावाचा कॉल. “दादा, मी स्टॉपवर उभाय. कुठंयस?” मी म्हटलं, “जेटीवर.” “बोटिंगच्या? थांब, आलोच,” म्हणून त्यानेही फोन ठेवला. तो सगळा काठ पालथा घालून संध्याकाळी घरी गेला. तोवर आजीने माझ्यासाठी कोंबडं कापलेलं होतं. ते त्याने खाल्लं. मी समुद्रातल्या मालेत टूना खात होतो, म्हणजे हिशेबाने दोघांचंही भागलं.

आता या मालेबद्दल. सगळं बेट मिळून जेमतेम २ चौरस किलोमीटर, आणि त्यावर लाखाच्या वर माणसं. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांत याचं नाव घेतात. आमचा मुळशीचा जलाशय याहून कितीतरी मोठा. बोटीवरच्या माणसासाठी मात्र हे शहर देवाने मापून शिवलं आहे. दीड-दोन तासांत चालत फेरी पुरी होते. इथे ‘खरं शहर अजून ऐंशी किलोमीटरवर आहे’ असं कोणी म्हणू शकत नाही, कारण ऐंशी पावलांवर समुद्र लागतो. पाहिलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, असं हे माझ्या नोकरीतलं एकमेव बंदर.

उत्तरेच्या बाजूला मासळी बाजार आहे. गुळगुळीत फरशीवर टूना ओळीने मांडलेले. कापणारा माणूस एवढ्या झपाट्याने कातडं, काटा आणि तुकडे वेगळे करतो की आमच्या किचनमधल्या शेफने पाहिलं तर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं परत करील. मालदीवचे कोळी टूना गळानेच पकडतात, एकेक. हे कळल्यावर धरणाच्या काठी दिवसभर गळ टाकून बसणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींबद्दल मला नव्याने आदर वाटला. फरक एवढाच, की इथले लोक संध्याकाळी मासे घेऊन घरी जातात.

शेजारी भाजीबाजार. कांदा पाहून माझा पाय अडखळला. परक्या देशात कांदा भेटला की ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होतो, आणि मालेतल्या कांद्याशी आपलं सरकारी नातं आहे. २०२४-२५ साठी भारताने मालदीवला खास कोटा ठरवून दिला, त्यात ३५ हजार टनांहून जास्त कांदा होता. त्याच यादीत नदीची वाळू आणि खडी, प्रत्येकी १० लाख टन. वाळूच्याच बेटांवर राहणाऱ्यांना वाळू धाडायची! कारण समुद्राची वाळू खारट, बांधकामाला बाद, आणि ती उपसली तर बेटच जायचं. पुणे जिल्ह्यातल्या वाळूवाल्यांनी ही यादी वाचली असेल तेव्हा त्यांना आपण चुकीच्या देशात धंदा करतो असं वाटलं असणार.

बाजारातून आत शिरणाऱ्या रस्त्याचं नाव वाचून मी उभाच राहिलो. चांदनी मगू. मगू म्हणजे रस्ता. मुळशीच्या माणसाला जगात कुठेही जायचं असो, चांदणी चौक ओलांडल्याशिवाय सुटका नाही, हे माहीत होतं. पण तो हिंदी महासागरात पुन्हा आडवा येईल ही अपेक्षा नव्हती. हा चांदनी रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, टी-शर्ट, लाकडी कासवं, शंख. आमचा चौक कसा आहे ते तिथे अडकलेल्यांना विचारा. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला, सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला, आणि धूळ बसल्यावर पूल बराचसा जागेवरच होता. मग पोकलेनने पाडला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा झाला आणि आता तिथे इतके रस्ते आहेत की पौडला निघालेला माणूस मुळशीऐवजी साताऱ्याला पोचतो. मालेतून विमानतळाच्या बेटावर जाणारा पूलही मी पाहिला, २०१८ चा, चिनी मदतीने बांधलेला. त्यावर चढल्यावर पलीकडे उतरायला होतं. सोयीचं आहे, पण थरार नाही.

दुचाक्या मात्र अगदी पुण्याच्या. दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर माणसाने स्कूटर घेऊन जायचं कुठे? पण जातात, आणि घाईत जातात. फुटपाथवर उभ्या करतात, त्यामुळे चालणारा रस्त्यावर येतो, त्यामुळे स्कूटरवाला चिडतो. हे सारं पाहून मला जे भरून आलं, ते पोर्टोफिनोत आलं नव्हतं. नमाजाच्या वेळी दुकानं थोडा वेळ बंद होतात. बोटीवरचे परदेशी लोक दारावर डोकं आपटून परत येत होते. पुणेकराला त्यात काही विशेष वाटत नाही.

काही पाहुण्यांची मात्र घोर निराशा झाली. मालदीव म्हणजे बीच, बीच म्हणजे बिअर, अशी त्यांची समजूत. दारू मिळते ती रिसॉर्टच्या बेटांवर. माले शहरात थेंब नाही. कोथरूडचे काका मला रस्त्यात गाठून हळूच म्हणाले, “तू मुळशीचा, तुला ठाऊक असेल कुठे मिळते.” सिनेमाचे परिणाम किती दूर जातात पाहा.

पूर्वीचे खलाशी इथे काय करायचे याची नोंद आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ च्या सुमारास मालेत आला, काझी झाला आणि स्वतः इथे लग्नंही केली. त्याने लिहून ठेवलंय की इथे मेहर थोडी असल्याने लग्न सोपं. जहाजं लागली की त्यावरची माणसं लग्न करतात आणि निघायची वेळ झाली की तलाक देऊन निघून जातात. मालेतल्या आमच्या सुट्टीचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत जुना वृत्तांत. त्यांचंही बरोबर होतं. शिडाचं जहाज वाऱ्यावर अवलंबून, मोसमी वारा उलटेपर्यंत महिनोन्महिने मुक्काम. आम्हाला चार तास, त्यातून अर्धा वजा. एवढ्यात लग्न राहू दे, सिमकार्डाचा फॉर्म पुरा भरून होत नाही. आणि इब्न बतूताचं हे पान मुलीच्या मामाच्या हाती लागू नये, एवढीच इच्छा.

त्या काळी इथल्या कवड्या बंगालपासून आफ्रिकेपर्यंत पैसा म्हणून चालत. समुद्रातून काढायच्या, वाळवायच्या, गोण्या भरून धाडायच्या. हा असा एकमेव देश असावा जिथे लोक चलन पोहून आणत.

पाय दुखल्यावर एका चहाच्या हॉटेलात बसलो. इथे चहाबरोबर टेबलावर बशा मांडून ठेवायची पद्धत. बजिया, गुळा असे तळलेले प्रकार, सगळ्यांच्या पोटात टूना. सकाळी ‘मास हुनी’ खातात. टूना, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची कुस्करून, रोशीबरोबर. रोशी म्हणजे आपली चपाती. कोणीतरी दुसऱ्याने वाढलं आणि मी खाल्लं, यातच माझे निम्मे पैसे वसूल झाले. वाढणाऱ्या पोराने प्लेट डावीकडून ठेवली, ती उजवीकडून ठेवायला हवी होती, असं मनात आलं. पण सुट्टी होती, सोडून दिलं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते. हिंदी उत्तम, सगळी सिनेमातून शिकलेली. मी भारताचा कळल्यावर त्यांनी दोन गोष्टी ऐकवल्या. एक १९८८ ची. ३ नोव्हेंबरला भाडोत्री बंडखोर समुद्रातून येऊन शहरात घुसले आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेले भारतीय छत्रीधारी सैनिक विमानतळावर उतरले. बंडखोर ओलीस घेऊन जहाजातून पळाले, त्यांना आपल्या नौदलाने गाठलं. गाठणाऱ्या युद्धनौकांत एक होती ‘आयएनएस गोदावरी’. म्हटलं, गोदावरी आमची, नाशिकची. त्यांनी हात जोडले.

दुसरी गोष्ट २०१४ ची. मालेत नदी नाही, ओढा नाही. प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून करतात. त्या वर्षी ४ डिसेंबरला त्या कारखान्यात आग लागली आणि शहराचे नळ बंद. भारताने विमानांतून बाटल्या पाठवल्या, मागोमाग ‘आयएनएस सुकन्या’ आणि ‘आयएनएस दीपक’ पाणी घेऊन आल्या. यातली ‘दीपक’ ही नौदलाच्या भाषेत टँकर आहे. टँकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायतीपुढची हंड्यांची रांग आली, पण मी विषय वाढवला नाही. त्यांनीच वाढवला.

“तुमच्या गावाला समुद्र आहे?”

“नाही. धरण आहे.”

“गोड्या पाण्याचं?”

“हो. डोळे पोचतील तिथवर.”

म्हाताऱ्यांच्या तोंडून उद्गार निघाला. “म्हणजे प्यायला पाणीच पाणी!”

“ते पाणी वीज करायला जातं. मुंबईला.”

ते जरा थांबले. “मग तुम्ही काय पिता?”

‘धरण उशाला, कोरड घशाला’ याचं हिंदी करून सांगण्यात माझा चहा गार झाला. मग सगळंच सांगितलं. मुळा नदी मूळची पूर्वेकडची. पुण्यात मुठेला भेटायचं, तिच्याबरोबर भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला, असा तिचा सरळमार्गी प्रपंच. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीत बांध घातला आणि तिचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने खाली रायगडातल्या भिऱ्याला उतरवलं. तिथे वीज होते, मग ते पाणी कुंडलिकेतून कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना खालीवर करत रेवदंड्याला अरबी समुद्रात शिरतं. त्यापायी ५२ गावांवर पाणी आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यातून. धरण थांबलं नाही. तेव्हा आमच्याकडून समुद्रावर नोकरीला निघालेला मी काही पहिला नाही. पाणी आधी गेलं, आणि तेही फिरतीवर.

म्हातारे बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, “आमचंही बुडायचं ठरलंय.” ते सांगायची गरज नव्हती. मालदीवची सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रापासून अडीच मीटरही नाही. आमचं माले सुमारे ६०० मीटरवर. इथे किनाऱ्याभोवती जपानच्या मदतीने काँक्रीटचे टेट्रापॉड रचलेत, आपल्या मरीन ड्राइव्हवर आहेत तसलेच. २००४ च्या त्सुनामीत या भिंतीने मालेला बरंच तारलं. १७ ऑक्टोबर २००९ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी तर मंत्रिमंडळाची बैठकच समुद्राच्या तळाशी घेतली. मंत्री पाठीवर हवेची नळकांडी बांधून अर्धा तास बसले, हाताच्या खुणांनी बोलले आणि ठरावावर सह्या केल्या. जगातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आला. हे ऐकून मला आमच्या लोकांचं नेमकं कुठे चुकलं ते कळलं. आम्ही बांधावर बसलो. पाण्याखाली बसलेले मंत्री जगभर गाजतात. पाण्याखाली गेलेल्या गावांचा फोटो काढायला कोणी नळकांडी बांधून आलं नाही. आणि कायम पाण्याखाली राहण्याचाच मुद्दा असेल, तर क्रूझवरच्या आम्हा लोकांच्या केबिन्स वॉटरलाइनच्या खाली असतात. आमची बैठक तिथे रोज रात्री भरते, ठराव मात्र पास होत नाहीत.

निवडून आल्याबरोबर २००८ साली नशीद असंही म्हणाले होते, की देश बुडालाच तर दुसरीकडे जमीन घेऊन ठेवावी. भारताचंही नाव त्यात होतं. ही बातमी आमच्या तालुक्यात वेळेवर पोचली नाही, याची हळहळ वाटते. मुळशीत असे एजंट आहेत की त्यांनी पुढच्याच रविवारी सगळ्या मंत्रिमंडळाला फॉर्च्युनरमध्ये घालून साइट दाखवली असती. “साहेब, एनए प्लॉट, क्लिअर टायटल, लेक व्ह्यू. नावसुद्धा बदलायची गरज नाही, गावाचं नाव मालेच आहे.” सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव अजून निघायचं आहे, हे राष्ट्राला नंतर कळलं असतं.

शेवटी चारशे पावलं चालून जुनी शुक्रवारची मशीद पाहिली, १६५८ ची, पोवळ्याच्या दगडात कोरलेली. दगडावरची वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की मी घड्याळ पाहायचं विसरलो, आणि आठवलं तेव्हा नेमकं कुठलं घड्याळ पाहायचं याचा घोळ झाला. जेटीकडे पळताना वाटेत कोथरूडचे काका-काकू रमतगमत चाललेले दिसले. काकू म्हणाल्या, “अरे, आम्ही दमलो. आता बोटीवर जाऊन जेवतोच. तू असशील ना वाढायला?”

तेव्हा वाचकहो, एक विनंती. कधी क्रूझवर गेलात तर बंदराच्या दिवशी कृपा करून खाली उतरा. सकाळी उतरा आणि दुपारचं जेवण गावात घ्या. तुम्ही ‘ऊन फार आहे’ म्हणून वर राहता, तेव्हा डायनिंग हॉल उघडा ठेवावा लागतो आणि तुमच्या एका वरणभातापायी तीन वेटर, एक आचारी आणि एक भांडी घासणारा यांचं बंदर जातं. खाली गेल्यावर चहाच्या हॉटेलातली वायफायजवळची खुर्ची आमच्यासाठी सोडा. परत येताना मॅगी मिळाली तर दोन पाकिटं आणा, पैसे देऊ. आणि वेटर मुळशीचा निघाला, तर घाबरू नका. टीप मात्र तेवढीच ठेवा.